क्विकचं पॅकेट उघडताना: घेणाऱ्या बाजूचा पार्सर कसा बांधायचा

ऊस कारखान्यावर पोचला की वजन काटा सांगतो, ट्रॅक्टरवाला नाही. पॅकेटच्या हेडरमध्ये लिहिलेली लांबी म्हणजे ट्रॅक्टरवाल्याचं बोलणं. सॉकेटमधून प्रत्यक्षात किती बाइट आले, हा आपला काटा. दोन्हींत फरक पडला तर काट्याचं ऐकायचं. पार्सरमधल्या, म्हणजे आलेल्या बाइटांचा अर्थ लावणाऱ्या कोडमधल्या, मेमरीच्या बहुतेक चुका हा नियम एखाद्या कोपऱ्यात विसरल्यामुळे होतात.

क्विक हा यूडीपीवर, म्हणजे पोचण्याची हमी न देता सुटे डेटाग्राम (बाइटांचे गठ्ठे) नेणाऱ्या प्रोटोकॉलवर, चालणारा एन्क्रिप्टेड प्रोटोकॉल. इथे त्याची पहिली आवृत्ती धरली आहे. ती मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा जाहीर दस्तऐवज) म्हणून आली. तिचं एन्क्रिप्शन आरएफसी ९००१ मध्ये आहे. यूडीपीवर स्वतःचा छोटा प्रोटोकॉल लिहिणाऱ्यालाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी वाचक लिहा

पार्सरच्या आधी एक छोटा वाचक लिहा: सध्याची जागा, शेवटची जागा आणि चार-पाच फंक्शनं. एक बाइट वाच, चार बाइट वाच, व्हेरिएबल लांबीचा आकडा वाच, इतके बाइट कापून दे. प्रत्येक फंक्शन जमलं की नाही ते सांगतं आणि जमलं नाही तर जागा हलवत नाही. बाकीच्या कोडमध्ये कच्च्या पॉइंटरला हात लावायचा नाही. हा नियम मोडायची इच्छा ‘फक्त एवढ्या एका ठिकाणी’ म्हणून होते आणि नेमकं तिथेच पाणी शिरतं.

व्हेरिएबल लांबीच्या आकड्यात पहिल्या बाइटचे वरचे दोन बिट लांबी सांगतात. ०० असेल तर एक बाइट आणि ६३ पर्यंतचा आकडा, ०१ ला दोन बाइट आणि १६,३८३ पर्यंत, १० ला चार बाइट आणि १,०७,३७,४१,८२३ पर्यंत, ११ ला आठ बाइट आणि ६२ बिटांचा आकडा. एकच आकडा दोन तऱ्हांनी लिहिता येतो: हेक्स २५ म्हणजे ३७ आणि हेक्स ४० २५ म्हणजेही ३७. दोन्ही स्वीकारायचे. अपवाद फ्रेमच्या (पॅकेटच्या मजकुरातल्या एकेका भागाच्या) प्रकाराचा, तो सगळ्यात आखूड रूपातच यायला हवा.

खरा खड्डा या ६२ बिटांत आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनचा डेटा पाठवायला ३२-बिट एआरएम बोर्ड वापरलं आणि वाचलेली लांबी ३२ बिटांत कोंबली, तर ४,२९,४९,६७,३१२ चे नुसते १६ उरतात. तपासणी १६ वर पास होते आणि पुढचा कोड मूळ आकडा वापरतो. म्हणून लांबी शेवटपर्यंत ६४ बिटांतच ठेवा. तुलनाही ‘जागा अधिक लांबी शेवटापेक्षा मोठी आहे का’ अशी करू नका, ती बेरीज उलटू शकते. ‘लांबी उरलेल्या बाइटांपेक्षा मोठी आहे का’ असं विचारा.

सॉकेटवर

लिनक्सवर एका हाकेत अनेक डेटाग्राम घ्यायला आरईसीव्हीएमएमएसजी (recvmmsg) हा कॉल बरा पडतो. कर्नलने ‘कापलं गेलं’ असा फ्लॅग दिला तर तो डेटाग्राम फेकून द्या, अर्धवट वाचू नका.

यूडीपी जीआरओ ही कर्नलची सोय चालू केलीत तर एका बफरमध्ये अनेक डेटाग्राम चिकटून येतात. तुकड्याचा आकार कंट्रोल मेसेजमध्ये मिळतो आणि शेवटचा तुकडा लहान असू शकतो. तो आकार वाचायचा राहिला तर पार्सर सगळं एकच पॅकेट समजतो आणि डिक्रिप्शन फसतं. कमी ट्रॅफिकला सगळं व्यवस्थित चालतं, डाउनलोडने वेग धरला की पॅकेटं गळायला लागतात. मग दोन दिवस एन्क्रिप्शनच्या कीमध्ये चूक शोधण्यात जातात.

हेडर

पहिल्या बाइटचा सर्वात वरचा बिट १ असेल तर लांब हेडर, ० असेल तर आखूड. त्याच्या खालचा बिट १ असलाच पाहिजे, वेगळं ठरवलं नसेल तर ० असलेलं पॅकेट टाकून द्या.

लांब हेडरमध्ये मग चार बाइटांची आवृत्ती येते. त्यानंतर एक बाइट लांबी आणि तेवढा डेस्टिनेशन आयडी (घेणाऱ्याच्या बाजूची कनेक्शनची ओळख), पुन्हा एक बाइट लांबी आणि सोर्स आयडी (पाठवणाऱ्याच्या बाजूची). पहिल्या आवृत्तीत आयडी २० बाइटांपेक्षा मोठा नसतो. पण हा नियम आवृत्ती ओळखल्यानंतरच लावा: अनोळखी आवृत्तीत तो २५५ बाइटांपर्यंत असू शकतो आणि आवृत्ती ठरवण्याचं उत्तर देताना तो जसाच्या तसा परत पाठवावा लागतो. इनिशियल, म्हणजे कनेक्शन सुरू करणाऱ्या पॅकेटला, पुढे टोकनची लांबी आणि टोकन असतं. शेवटी येते ‘लांबी’, जिच्यात पॅकेट नंबर, मजकूर आणि १६ बाइटांचा टॅग (पॅकेट खरं आणि न बदललेलं असल्याची खूण), तिन्ही मोजलेले असतात.

सर्व्हरने १२०० बाइटांपेक्षा लहान डेटाग्राममधून आलेलं इनिशियल टाकून द्यायचं असतं. हे माप डेटाग्रामचं आहे, पॅकेटचं नव्हे. पॅकेटच्या लांबीवर ते लावलं तर इनिशियल आणि दुसरं पॅकेट एकत्र पाठवणारे चांगले क्लायंट बाहेर राहतात.

एकत्र आलेली पॅकेटं ‘लांबी’वरून सुटी करायची. पहिलं उघडलं नाही म्हणून पुढची टाकायची नाहीत. हँडशेकचं (की ठरवण्याच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीचं) पॅकेट की तयार व्हायच्या आधी पोचलं तर थोडी पॅकेटं बाजूला ठेवता येतात, पण त्यांना मर्यादा हवी. दहा पुष्कळ झाली. आखूड हेडरला ‘लांबी’ नसते, म्हणून ते नेहमी शेवटी येतं आणि उरलेलं सगळं त्याचंच.

आखूड हेडरमध्ये आयडीची लांबीही लिहिलेली नसते. आयडी आपणच वाटलेला असतो, तेव्हा लांबी आपल्याला माहीत हवी. सगळे आयडी ८ बाइटांचे ठेवा, काम सोपं होतं. राजारामपुरीतल्या घरच्या वायफायवरून निघून माणूस सीबीएसवर (मध्यवर्ती बस स्थानकावर) मोबाइल डेटावर आला की त्याचा आयपी आणि पोर्ट दोन्ही बदलतात. फोन मुद्दाम मार्ग बदलत असेल तर तो आपण दिलेल्यांपैकी नवा आयडी वापरतो, वाटेतल्या नॅटने (पत्ता आणि पोर्ट बदलून पुढे पाठवणाऱ्या राउटरने) पोर्ट बदललं असेल तर आयडी जुनाच राहतो. म्हणून टेबलात एका कनेक्शनच्या नावावर अनेक आयडी लागतात आणि शोध आयडीवरच घ्यायचा. नवा पत्ता मात्र लगेच लिहून घेऊ नका. पॅकेट डिक्रिप्ट व्हायला हवं आणि त्याचा नंबर आतापर्यंतचा सर्वात मोठा असायला हवा.

मास्क आणि नंबर

पॅकेट नंबर आणि पहिल्या बाइटचे खालचे बिट झाकलेले असतात. नंबर किती बाइटांचा आहे तेही त्या झाकलेल्या बिटांतच असतं. म्हणून नंबर चार बाइटांचा आहे असं धरून, तो जिथे सुरू होतो तिथून चार बाइट सोडून पुढचे १६ बाइट नमुना म्हणून घ्यायचे. म्हणजे नंबराच्या जागेपासून किमान २० बाइट हवेत, कमी असतील तर पॅकेट टाका. नमुना आणि हेडरची की यांवरून पाच बाइटांचा मास्क निघतो. त्याचा पहिला बाइट लांब हेडरमध्ये खालच्या चार बिटांवर आणि आखूडमध्ये पाच बिटांवर चालवायचा, उरलेले नंबरावर.

मूळ बफरमध्येच मास्क काढला आणि मग ते पॅकेट बाजूला ठेवलं, तर दुसऱ्या खेपेला उघडलेल्या हेडरवर पुन्हा मास्क बसतो. बाजूला ठेवायचं पॅकेट आलं तसंच ठेवा. की बदलली तरी हेडरची की बदलत नाही हेही ध्यानात असू द्या.

नंबराचे फक्त शेवटचे बाइट येतात, बाकीचे आपण भरायचे. समजा आतापर्यंत उघडलेला सर्वात मोठा नंबर १००० आहे आणि नवा एका बाइटात आलाय. अपेक्षित १००१, खिडकी २५६ ची, दोन्ही बाजूंना १२८. बाइट २३६ आला तर ७६८ अधिक २३६ म्हणजे १००४. बाइट २०० आला तर ९६८, म्हणजे वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट. बाइट ५ आला तर ७७३ निघतो, पण तो ८७३ च्या अलीकडे पडतो, म्हणून २५६ मिळवून १०२९. ‘सर्वात मोठा’ हा आकडा डिक्रिप्शन यशस्वी झाल्यावरच पुढे न्या. आधी नेलात तर कुणीही एक खोटं पॅकेट टाकून पुढच्या सगळ्या खऱ्या पॅकेटांचे नंबर चुकवू शकतो.

कुठे गप्प बसायचं, कुठे तोडायचं

टॅग जुळेपर्यंत पॅकेट कुणाचं आहे ते माहीत नाही. तोवर कुठलीही चूक दिसली तरी पॅकेट टाकायचं, एक काउंटर वाढवायचा, कनेक्शनला हात लावायचा नाही. टॅग जुळल्यावरची चूक समोरच्याचीच, तिथे योग्य एरर कोड देऊन कनेक्शन बंद करायचं. राखीव बिट शून्य नाहीत ही तपासणी मास्क काढल्याबरोबर दिसते, पण ती टॅग जुळल्यावरच करा. आधी केली तर वेळेतल्या फरकावरून झाकलेले बिट बाहेर कळू शकतात. तोच नंबर दुसऱ्यांदा आला आहे का, हेही टॅगनंतरच बघायचं.

इनिशियल पॅकेटला हा नियम अर्धाच लागू होतो. त्याची की क्लायंटच्या पहिल्या पॅकेटमधल्या डेस्टिनेशन आयडीवरून आणि सर्वांना माहीत असलेल्या सॉल्टवरून (ठरलेल्या आकड्यावरून) निघते, म्हणजे वाटेतला कुणीही तसं पॅकेट बनवू शकतो. तिथली बिघडलेली पॅकेटं शक्यतो गप्पपणे टाकलेलीच बरी.

आखूड हेडरचं पॅकेट उघडलं नाही आणि डेटाग्राम किमान २१ बाइटांचा असेल, तर शेवटचे १६ बाइट रीसेट टोकनशी (समोरचा कनेक्शन विसरला आहे हे सांगणाऱ्या, आधीच मिळालेल्या खुणेशी) ताडून बघा. तुलना ठरलेल्या वेळेत संपणारी हवी, पहिल्या फरकावर थांबणारी साधी मेमसीएमपी नको.

फ्रेम

रिकामा मजकूर ही प्रोटोकॉलची चूक आहे. इनिशियल आणि हँडशेकमध्ये पॅडिंग, पिंग, एसीके (पोच), क्रिप्टो आणि कनेक्शन बंद करण्याची फ्रेम एवढंच चालतं. प्रकार आणि पॅकेट यांचं छोटं टेबल करा, इफची माळ नको. पॅडिंगचे शून्य बाइट एका घट्ट लूपमध्ये ओलांडा, शेकडो शून्यांसाठी शेकडो वेळा स्विचमधून जाण्यात अर्थ नाही.

सर्वात घातक फ्रेम एसीकेची. त्यात सर्वात मोठा नंबर, उशीर, पट्ट्यांची संख्या, पहिली पट्टी आणि मग फट-पट्टी अशा जोड्या येतात. सर्वात मोठा १०० आणि पहिली पट्टी ४ म्हणजे ९६ ते १००. फट १ असेल तर पुढची पट्टी ९६ वजा १ वजा २, म्हणजे ९३ पासून खाली. ९४ आणि ९५ पोचलेले नाहीत. फटीत एक कमी लिहितात, म्हणून वजा २. हे चुकलं तर हरवलेली पॅकेटं पोचली असं समजलं जातं आणि ती पुन्हा जातच नाहीत. प्रत्येक वजाबाकीआधी तपासा, नाहीतर चिन्ह नसलेला आकडा शून्याखालून उलटून प्रचंड होतो. पट्ट्यांच्या संख्येवर विसंबून मेमरी मागू नका, एकेक पट्टी वाचत जा. आपण कधीच न पाठवलेल्या नंबराची पोच आली तर कनेक्शन बंद करा.

ॲपचा डेटा नेणाऱ्या स्ट्रीम फ्रेमला लांबीचा बिट नसेल तर ती पॅकेटच्या शेवटापर्यंत जाते. ऑफसेट अधिक लांबी ६२ बिटांत मावते का ते बघा. पार्सरने डेटाची नक्कल न करता बफरचा तुकडा द्यावा, पण पुढच्याला तो ठेवायचा असेल तर नक्कल त्याने करावी. हा करार फंक्शनच्या डोक्यावर लिहून ठेवा.

तपासणी

आरएफसी ९००१ च्या परिशिष्टात तयार पॅकेटं आहेत, पहिली चाचणी त्यांवर. मग प्रत्येक चांगलं पॅकेट शून्य बाइटांपासून पूर्ण लांबीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कापून द्या. बफर नेमका तेवढ्याच आकाराचा घ्या, म्हणजे एक बाइट जरी पुढे वाचला तरी ॲड्रेस सॅनिटायझर पकडतो. फझर (आडवेतिडवे बाइट देऊन चुका शोधणारं साधन) थेट सॉकेटच्या तोंडाशी लावलात तर त्याचं एकही पॅकेट टॅगच्या पलीकडे जाणार नाही आणि सगळं हिरवं दिसेल. फ्रेमच्या पार्सरला उघडा मजकूर थेट द्या, हेडरला वेगळा फझर लावा. शेवटी लिनक्सच्या टीसी नेटेमने २ टक्के गळती, उलटसुलट क्रम आणि दुहेरी पॅकेटं घालून मोठी फाइल उतरवा. मग फोनवर तेच चालू ठेवून गगनबावड्याच्या बाजूला करूळ घाटापर्यंत जाऊन या आणि परतल्यावर काउंटर वाचा: टॅग न जुळलेली पॅकेटं नॅट बदलल्याच्या क्षणांशी जुळत असतील तर आयडीचं टेबल तपासा, एकसारखी पसरलेली असतील तर नंबर भरण्याचा कोड.