अमेरिकेतील क्यूबन आणि जर्मन वंशसमूहांची तुलना कशी करावी

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरून क्यूबन आणि जर्मन वंशाच्या लोकांचे उत्पन्न, शिक्षण, दारिद्र्य आणि घरमालकी यांचे आकडे काढून शेजारी शेजारी मांडायला पाच मिनिटे पुरतात, आणि ही तुलना बहुतेक वेळा चुकते ती या सोपेपणामुळेच. जर्मन वंशाच्या वसाहतीची सुरुवात १६८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनपासून झाली, त्यांच्या स्थलांतराचा सर्वांत मोठा लोंढा १८८० च्या दशकात आला, आणि आज त्या रकान्यात मोजली जाणारी माणसे बहुतांशी त्या लोकांची पणतवंडे किंवा त्याहूनही पुढच्या पिढीतली आहेत. क्यूबन रकान्यातील बहुसंख्य कुटुंबे मात्र १९५९ च्या क्रांतीनंतर आलेली आहेत आणि त्यांतला मोठा भाग २०२१ नंतरचा आहे. एकीकडे पाचवी पिढी आणि दुसरीकडे तीन वर्षांपूर्वी उतरलेला माणूस अशी ही तुलना असते. तिच्यातून जो फरक दिसतो तो संस्कृतीचा आहे की निव्वळ गेलेल्या काळाचा, हे त्या कोष्टकावरून कळूच शकत नाही. म्हणून या कामाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, दोन्ही समूह स्थलांतरापासून सारख्या अंतरावर उभे करून मगच मोजावेत.

त्याआधी कोणाला मोजायचे ते ठरवावे लागते. हल्लीच्या वार्षिक पाहणीच्या, म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या, अर्जावर वंशमुळाचा प्रश्न खुला असतो: पुढे रिकामी जागा, खाली काही उदाहरणे, आणि माणूस जे लिहील त्यातील पहिली दोन उत्तरे नोंदली जातात. ‘जर्मन’ हे बहुधा या रिकाम्या जागेतून येते. ‘क्यूबन’ मात्र हिस्पॅनिक मूळ विचारणाऱ्या वेगळ्या प्रश्नातील छापील चौकटीतून येते, जिथे फक्त खूण करायची असते. खुल्या जागेतील उत्तर किती डळमळीत असते, याचा एक नमुना नीट पाहण्यासारखा आहे. १९८० मध्ये हा प्रश्न जनगणनेत पहिल्यांदा विचारला तेव्हा सुमारे ४ कोटी ९२ लाख लोकांनी जर्मन वंश सांगितला. १९९० च्या अर्जावर उदाहरणांच्या यादीत ‘जर्मन’ हा शब्द सर्वांत आधी छापला होता आणि ‘इंग्लिश’ वगळला होता; त्या वर्षी जर्मन वंशाचे लोक ५ कोटी ७९ लाख झाले आणि इंग्लिश वंशाचे सुमारे ४ कोटी ९६ लाखांवरून ३ कोटी २७ लाखांवर आले. २००० च्या अर्जावर ‘जर्मन’ हे उदाहरण उरले नाही आणि आकडा ४ कोटी २८ लाखांवर घसरला. वीस वर्षांत एवढी माणसे जन्मली किंवा मेली नव्हती; अर्जावरील एका ओळीने हा चढउतार घडवला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव थोडा परिचित असेल, कारण तिथे वांशिक प्रश्नात तो ‘आशियाई भारतीय’ या चौकटीत जातो आणि भाषेच्या प्रकाशित कोष्टकात ‘नेपाळी, मराठी व इतर इंडिक भाषा’ अशा एकत्रित ओळीत दिसतो.

म्हणून व्याख्या आधी लिहून काढावी आणि शेवटपर्यंत बदलू नये. पहिल्याच उत्तरात जर्मन लिहिणारे घ्यायचे की दुसऱ्या उत्तरातलेही, हे ठरवून दोन्ही प्रकारे गणित करावे. निष्कर्ष बदलत असेल तर तो बदल हाच निष्कर्षाचा भाग आहे. शिवाय, समूहाबाहेर लग्न केलेल्यांची मुले आजोळचे किंवा वडिलांकडचे नाव लावतीलच असे नाही, आणि असे विवाह शिकलेल्यांत अधिक होत असतील तर यशस्वी वंशज गणतीतून निसटतात आणि समूह आहे त्यापेक्षा मागासलेला दिसतो. जन्मस्थळावर विसंबतानाही हीच काळजी हवी. १८७१ पूर्वी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते, त्यामुळे जुन्या नोंदींत प्रशिया, बव्हेरिया, हेसे अशी नावे येतात. कॅन्सस, नेब्रास्का आणि डाकोटांत स्थायिक झालेले व्होल्गाकाठचे आणि काळ्या समुद्राकाठचे जर्मन तर रशियात जन्मलेले म्हणून नोंदले गेले. १९१० आणि १९२० च्या जनगणनांत मातृभाषा विचारलेली असल्याने त्यांना तेथे ओळखता येते.

आता पिढीचा प्रश्न. वार्षिक पाहणीत आईवडिलांचे जन्मस्थळ विचारले जात नाही, त्यामुळे अमेरिकेत जन्मलेला क्यूबन हा दुसऱ्या पिढीचा की तिसऱ्या, हे तिच्यातून कळत नाही. ते कळते करंट पॉप्युलेशन सर्व्हे या दुसऱ्या सरकारी पाहणीतून, जिच्यात १९९४ पासून हा प्रश्न आहे. जर्मनांसाठी मागे जावे लागते: १८८० ते १९७० पर्यंतच्या जनगणनांत आईवडिलांचे जन्मस्थळ कधी सर्वांना, कधी केवळ नमुन्यातील लोकांना विचारलेले आहे. नावानिशी व्यक्तिगत नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, म्हणून १९५० च्या नोंदी एप्रिल २०२२ मध्ये उघड झाल्या. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स संग्रहात हे सर्व एकसारख्या संकेतांत विनामूल्य मिळते आणि नवशिक्यानेही तयार कोष्टकांऐवजी तेथूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

येथे एक खड्डा आहे. उत्पन्न आणि पूर्ण केलेले शालेय शिक्षण हे प्रश्न पहिल्यांदा १९४० मध्ये आले, पण उत्पन्नाची रक्कम विचारली ती फक्त मजुरी आणि पगाराची. विस्कॉन्सिन किंवा आयोवातील स्वतःच्या शेतावर राबणारा जर्मन स्थलांतरिताचा मुलगा त्या रकान्यात शून्य कमाईचा दिसतो, मग त्याची जमीन कितीही असो. शेतकरी जास्त असलेल्या समूहासाठी तो आकडा वापरणे म्हणजे त्या समूहावर अन्याय करणे होय. त्याऐवजी व्यवसाय, घराची मालकी आणि शिक्षण हे निकष घ्यावेत. १९१० किंवा १९४० मधील जर्मनांच्या मुलांची तुलना १९९४ नंतरच्या क्यूबनांच्या मुलांशी थेट डॉलरमध्ये करता येत नाही, महागाईचा निर्देशांक लावूनही नाही, कारण मधल्या काळात देशाची अर्थव्यवस्थाच वेगळी झाली. प्रत्येक समूहाचे त्याच्या काळातील, त्याच वयाच्या आणि ज्यांचे आईवडीलही अमेरिकेत जन्मले अशा लोकांपासूनचे अंतर मोजावे, आणि मग ती दोन अंतरे शेजारी ठेवावीत.

क्यूबनांना एकच समूह मानणे ही सर्वांत खर्चिक चूक आहे, त्यामुळे येथे घाई करू नये. क्रांतीच्या आधीही फ्लोरिडातील टँपाच्या यबोर सिटीत आणि की वेस्टमध्ये सिगार वळणाऱ्या क्यूबन कामगारांच्या वस्त्या होत्या. १९५९ ते १९६२ या काळात आलेल्यांत जमीनदार, व्यावसायिक, डॉक्टर, वकील यांचे प्रमाण मोठे होते आणि बहुतेक गोरे होते. १९६५ ते १९७३ च्या विमानफेऱ्यांनी मध्यमवर्ग आणि कारागीर आले. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक आले, ज्यांत कामगार आणि कृष्णवर्णीय पूर्वीपेक्षा बरेच अधिक होते. १९९४ मध्ये तराफ्यांवरून ३० हजारांहून अधिक लोक निघाले, आणि २०२१ नंतरची लाट या सर्वांहून मोठी ठरली. म्हणून आगमनाचे वर्ष हा रकाना टाळताच येत नाही. क्यूबन वंशाचे अमेरिकी राजकारणी मार्को रुबिओ यांचे आईवडील १९५६ मध्ये, म्हणजे क्रांतीपूर्वीच, आले होते; फक्त ‘क्यूबन स्थलांतरितांचा मुलगा’ एवढ्या ओळखीवर गट पाडणारा अभ्यासक त्यांना सहज चुकीच्या लाटेत टाकील.

लाट ठरवली की तिच्या स्वागताची नोंद करावी. जर्मनांच्या काळात १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे कसणाऱ्याच्या नावे होत असे, आणि नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही ती वाट खुली होती. क्यूबनांसाठी १९६१ पासून केंद्र सरकारचा निर्वासित कार्यक्रम होता आणि १९६६ च्या कायद्याने त्यांना कायम वास्तव्याचा असा मार्ग मिळाला, जो इतर लॅटिन अमेरिकी स्थलांतरितांना नव्हता. कायद्याबाहेरची मदतही कमी महत्त्वाची नव्हती. साठच्या दशकात मायामीतील बँकांत नोकरीला लागलेले क्यूबन अधिकारी तारण देता न येणाऱ्या आपल्या देशबांधवांना केवळ हवानातील त्यांच्या व्यवसायाची आणि नावाची माहिती असल्यामुळे छोटी कर्जे देत. मारिएलमधून आलेल्या मजुराचे असे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. या दोघांच्या उत्पन्नातील फरक कष्टाळूपणाचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

उलट दिशेचा दबावही मोजावा. सिनसिनाटीत १८४० पासून इंग्रजीबरोबर जर्मनमधून शिकवणाऱ्या सरकारी शाळा होत्या. पहिल्या महायुद्धात हे सर्व कोसळले: १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, अगदी दूरध्वनीवरही इंग्रजीखेरीज भाषा बोलण्यास बंदी घातली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला लटकवून मारले. कुटुंबांनी नावे बदलली, घरातली भाषा सोडली. तेव्हा जर्मनांचे ‘सहज मिसळून जाणे’ हा शब्दप्रयोग लिहिण्यापूर्वी हे आठवावे. मायामीत डेड काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, १९७३ मध्ये स्वतःला द्विभाषिक घोषित केले, मारिएलच्या वर्षीच, १९८० मध्ये, मतदारांनी तो निर्णय उलटवून काउंटीच्या कामकाजात इंग्रजीखेरीज भाषेवर बंदी आणली आणि १९९३ मध्ये ती बंदी उठली. इंग्रजीवरील प्रभुत्व आणि घरातील भाषा हे दोन निकष वेगवेगळे ठेवावेत, कारण दुसऱ्या पिढीचा क्यूबन पहिल्यात पूर्ण पारंगत असून घरी स्पॅनिश बोलत असू शकतो.

पुढची पायरी ठिकाणाची. क्यूबन वंशाचे सुमारे दोन तृतीयांश लोक एकट्या फ्लोरिडात आहेत. जर्मन वंशाचे लोक पेनसिल्व्हेनियापासून डाकोटांपर्यंत पसरलेले आहेत. मायामीतील घरभाडे आणि उत्तर डाकोटातील घरभाडे एका तराजूत घालून घरमालकीची टक्केवारी काढली तर आपण मालमत्तेचा बाजार मोजतो, समूह नाही. मायामी-डेड काउंटीतील क्यूबनांची त्याच काउंटीतील इतरांशी आणि मिलवॉकीतील जर्मन वंशीयांची तिथल्याच इतरांशी तुलना करावी, शिवाय प्रादेशिक किंमतपातळीचा सरकारी निर्देशांक लावावा.

वयाचा परिणाम उदाहरणाने लगेच पटतो. समजा दोन समूहांत ६५ वर्षांखालील दारिद्र्य १० टक्के आणि त्यावरील २० टक्के आहे, दोन्हीकडे अगदी सारखे. पहिल्यात वृद्ध १० टक्के असतील तर एकूण दारिद्र्य ११ टक्के निघते, दुसऱ्यात ३० टक्के असतील तर १३ टक्के. प्रत्यक्षात कोणत्याच वयात फरक नाही, तरी कोष्टकात दोन टक्के फरक उभा राहतो. यावर उपाय म्हणजे एकच प्रमाणित वयरचना ठरवून तिचे भार दोन्ही समूहांच्या वयोगटनिहाय दरांना लावणे. जुन्या क्यूबन लाटांतील माणसे आता म्हातारी झाली आहेत, म्हणून हे गणित येथे ऐच्छिक नाही.

कुटुंबाचे उत्पन्न घेतानाही आत डोकावावे. मायामीजवळच्या हायलीआ शहरातल्या एका घरात १९६८ मध्ये आलेली आजी, मायामीत जन्मलेली मुलगी, जावई आणि २०२२ मध्ये सीमा ओलांडून आलेला भाचा असे चौघे राहत असतील आणि घरात वर्षाला ८० हजार डॉलर येत असतील, तर ते ४५ हजार कमावणाऱ्या एकट्या माणसापेक्षा श्रीमंत दिसतात. उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे: ८० हजार भागिले २, म्हणजे ४० हजार. क्रम उलटला. शिवाय या एका घरात तीन वेगळ्या ओळींत जाणारी माणसे आहेत, म्हणून शिक्षण आणि कमाई व्यक्तीनुसारच नोंदावी. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरावा, नमुन्याचे भार, म्हणजे पाहणीतला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा ते आकडे, विसरू नयेत, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्रुटीमर्यादा द्यावी. जनगणना विभाग ती ९० टक्के विश्वासपातळीवर छापतो. एका काउंटीतील एका लाटेचे एका वयाचे लोक फारच थोडे भरतात, अशा वेळी पाच वर्षांची एकत्रित माहिती घ्यावी.

गटाची रचना बदलली तर निष्कर्ष कसा बदलतो, हे मारिएलच्या वादात दिसते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की मायामीतील कामगारसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढूनही तेथील मजुरीवर ठळक परिणाम झाला नाही. हवानात जन्मलेले अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी पुढे शालान्त शिक्षण पूर्ण न केलेल्या, हिस्पॅनिक नसलेल्या पुरुषांपुरते पाहून मोठी घसरण दाखवली. त्यावर इतरांनी लक्षात आणून दिले की त्या छोट्या नमुन्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण नेमके त्याच वर्षांत वाढले होते. आपल्या कोष्टकातील प्रत्येक चौकटीत नेमके कोण आले आणि कोण गेले, हे तळटिपेत लिहिण्याची सवय यासाठीच हवी.

अंतिम कोष्टकात ओळींना लाट आणि पिढी यांची नावे द्यावीत, स्तंभांत स्थानिक समवयस्कांपासूनचे अंतर द्यावे. अशी मांडणी केली की काही चौकटी रिकाम्या राहतात. २०२१ पासून आलेल्या क्यूबनांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांपैकी सर्वांत मोठे मूल पंचवीस वर्षांचे व्हायला २०४६ उजाडेल. तोवर त्या ओळीत त्यांचे शिक्षण आणि कमाई भरता येणार नाही. १९६० च्या लाटेतील मुलांचे आकडे तिथे अंदाज म्हणून उतरवू नयेत, कारण त्या मुलांच्या आईवडिलांना मिळालेली मदत या पालकांना तशीच मिळालेली नाही. ती चौकट रिकामीच ठेवावी आणि खाली वर्ष लिहावे.