निम्फसाठी इंडिकेटर कशाचा करावा

लहानपणी कोकणात आम्ही तंगुसाला मोरपिसाची काडी बांधायचो. काडी बुडाली की ओढायचं. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे नकली किडा लावून मासे धरताना, इंडिकेटर तेच काम करतो. फक्त ट्राउट मासा निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बनवलेला गळ) तोंडात घेऊन क्षणात थुंकतो, त्यामुळे काडी पुरती बुडेपर्यंत थांबायची सोय नाही.

डेन्व्हरला आल्यावर पहिल्याच जानेवारीत मी साउथ प्लॅट नदीवर, डेकर्सपाशी, प्लॅस्टिकचा पोकळ फुगा लावून उतरले. पाणी गुडघाभर आणि नितळ. फुगा टपकन पडला आणि समोरचे तिन्ही ट्राउट पसार झाले. तेव्हापासून उथळ, संथ पाण्यात मी लोकरच वापरते. ती अलगद टेकते.

पण लोकर कुठलीही चालत नाही. स्वेटरची लोकर धुऊन, रंगवून आलेली असते, तिच्यातलं लॅनोलिन, म्हणजे मूळचा तेलकटपणा, निघून गेलेला असतो आणि ती पाणी पिते. मेंढीची कच्ची, तेलकट लोकर घ्या. नाहीतर पॉलीप्रॉपिलीनचा मॅक्रमे दोरा, म्हणजे गाठींच्या विणकामाचा. दुकानात सगळे मॅक्रमे दोरे सारखेच दिसतात, म्हणून घरी एक तुकडा वाडग्यातल्या पाण्यात बुडवून नीट पिळा. पॉलीप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते वर येतं. नायलॉन तळाला जातं. निवडलेला दोरा उकलून बारीक फणीने विंचरा आणि फ्लोटंट, म्हणजे तरंगत ठेवणारं मलम, चोळा. हे विंचरणं टाळू नका, तंतूंमध्ये अडकलेली हवाच त्याला उचलून धरते.

वीस नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक, दोन निम्फना हरभऱ्याएवढा गोंडा पुरतो. रंग पांढरा ठेवा, तो फेसात मिसळून जातो. पाण्यावर चकाकी असेल तर मात्र आपल्याला काळा रंगच नीट दिसतो.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा जड निम्फ आणि वजनाचे मणी लोकरीला झेपत नाहीत. तिथे प्लॅस्टिकचा फुगा योग्य, आवाज प्रवाहात विरतो. बूच किंवा बाल्साचं हलकं लाकूडही चालतं. चिकटवायचा फोम मी सोडला, लीडरवर, म्हणजे गळाकडच्या बारीक दोऱ्यावर, गोंद राहतो.

इंडिकेटर शेवटच्या निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा. वरचं पाणी तळापेक्षा वेगाने वाहतं, म्हणून तो शेजारच्या बुडबुड्यांपेक्षा जरा सावकाश जाताना दिसायला हवा. तो किंचित जरी अडखळला तरी रॉड उचला. तळाचा दगड निघाला तर निघू दे.