गर्नी फ्लॅप: मागच्या विंगला पट्टी लावण्याची रीत

फॉर्म्युला वन, नॅसकार, इंडीकार आणि स्पोर्ट्सकार या चारही प्रकारांत शर्यत जिंकणारा पहिला ड्रायव्हर म्हणजे अमेरिकेचा डॅन गर्नी. १९६७ च्या जूनमध्ये त्याने ए. जे. फॉइटच्या जोडीने ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि पुढच्याच रविवारी स्पाला स्वतःच्या संघाने बांधलेल्या ईगल गाडीतून बेल्जियन ग्रां प्री. रिव्हरसाइडच्या ५०० मैलांच्या नॅसकार शर्यतीत त्याचे पाच विजय आहेत. १९७० मध्ये त्याने ड्रायव्हिंग सोडलं. पण आज जवळजवळ प्रत्येक रेसिंग विंगशी (गाडीला जमिनीकडे दाबणारं आडवं पातं) त्याचं नाव जोडलं जातं ते त्यानंतरच्या वर्षीच्या एका पट्टीमुळे.

१९७१ मध्ये फीनिक्सच्या ट्रॅकवर ड्रायव्हर बॉबी अन्सर ईगलची चाचणी घेत होता आणि गाडी काही केल्या वेग धरत नव्हती. गर्नीने मागच्या विंगच्या शेवटच्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी काटकोनात उभी करून घेतली. लॅपची वेळ तरीही सुधारली नाही! कारण अन्सरने सांगितलं: गाडीचं मागचं टोक आता इतकं चिकटून राहतंय की पुढचं टोक वळणात बाहेर सरकतंय. ही पट्टी लावणाऱ्याने हा प्रसंग डोक्यात ठेवावा, कारण नुसत्या स्टॉपवॉचवर निकाल लावला तर चांगली पट्टी काढून टाकली जाते.

आधी माप. कॉर्ड म्हणजे विंगच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं सरळ अंतर. टेप वक्र पृष्ठभागावरून फिरवू नका, माप जास्त भरतं. पट्टीची उंची कॉर्डच्या १ ते २ टक्के ठेवा: ३०० मिमी कॉर्डला ३ ते ६ मिमी. याहून उंच पट्टीनेही डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारं बल) वाढतो, पण ड्रॅग (हवेचा विरोध) त्याहून वेगाने चढतो. पट्टी लहान असेल तर ती पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या हवेच्या थरातच राहते, म्हणून ड्रॅगच्या रूपात तिची किंमत कमी पडते. ३, ५ आणि ६ मिमीच्या तीन पट्ट्या कापून ठेवलेल्या बऱ्या.

साहित्य साधं: १ ते १.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा एल-अँगल. आडवी बाजू १२ ते १५ मिमी ठेवा म्हणजे रिव्हेटला जागा मिळते. उभी बाजू हव्या त्या उंचीला कापा. पट्टी दोन्ही एंडप्लेटच्या (विंगच्या टोकांच्या उभ्या पाट्या) मधली पूर्ण रुंदी व्यापणारी हवी. विंग दोन पात्यांची असेल तर ती मागच्या पात्याच्या कडेलाच बसते.

आता दिशा, आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. गाडीची विंग विमानाच्या पंखाच्या उलट बसवलेली असते, त्यामुळे जास्त दाबाची बाजू वर असते. पट्टी वरच्या बाजूला, आकाशाकडे उभी राहिली पाहिजे. तिच्या मागे हवेचे एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन भोवरे तयार होतात, आणि विंगच्या खालच्या बाजूची हवा कडेपर्यंत चिकटून राहते. पट्टी खाली वळवली की परिणाम उलटा. गर्नीच्या संघाने सुरुवातीला खरं कारण लपवलं, आणि काही प्रतिस्पर्ध्यांनी नक्कल करताना पट्टी खालीच लावली.

बसवताना अँगल मागच्या कडेशी अगदी समपातळीत क्लॅम्प करा, ६० ते ८० मिमी अंतराने भोकं पाडा आणि मधल्या भोकापासून टोकांकडे रिव्हेट मारत जा. टोकांकडून सुरुवात केली तर मध्ये पट्टी फुगते. फट राहिली तर हवा तिच्यातून निसटते आणि फायदा घटतो, म्हणून सीलंटची पातळ रेघ ओढा. कार्बन फायबरच्या विंगमध्ये भोकं पाडू नका, स्ट्रक्चरल ॲडहेसिव्ह वापरा. ॲल्युमिनियम कार्बनला थेट टेकलं की ओलाव्यात ते गंजतं, तेव्हा मध्ये काचतंतूच्या कापडाचा थर हवाच. वरची कड सरळ असू द्या, पण ढकलताना तिथे हात येतो, म्हणून बर (कापताना राहिलेले धारदार कंगोरे) घासून काढा.

पट्टीमुळे विंग पूर्वीपेक्षा थोड्या कमी कोनात स्टॉल होते, म्हणजे हवा तिच्या पृष्ठभागापासून सुटते. विंग आधीच कमाल कोनाला असेल तर एक-दोन अंश उतरवूनच पहिला लॅप घ्या.

चाचणीत टायरचा दाब आणि इंधन तेच ठेवा. आधी पट्टीशिवाय, मग पट्टीसह. ड्रायव्हरला वेगवान वळणांबद्दलच विचारा, कारण मंद वळणात विंगचं काम नगण्य असतं. अंडरस्टीअर आला, म्हणजे पुढचं टोक वळणात बाहेर सरकलं, तर पट्टी काढू नका. पुढच्या विंगचा कोन वाढवा, किंवा तिलाही छोटी पट्टी द्या. समतोल जमल्यावरच वेळ मोजा. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग फार पडत असेल तर ३ मिमीची पट्टी लावून पुन्हा तपासा. प्रत्येक सत्रानंतर टोकाकडचे रिव्हेट बोटाने हलवून बघा, कंपनाने ते आधी सैल होतात. आणि स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतली विंगची कमाल उंची पट्टीसकट मोजा.