डोक्यात मुंग्या आणणारे व्हिडिओ आणि मनाची धडधड: या चुका टाळा

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून पुढे तीन-चार महिने माझा दिवस रात्री दहाला संपतो. काटापावत्या, गाठींचा हिशेब, शेतकऱ्यांचे चुकारे. चार वर्षांपूर्वी त्याच हंगामात, अंथरुणाला पाठ टेकली की छाती धडधडायला लागायची. ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. तुम्ही काळजी जास्त करता." काळजी कमी कशी करायची हे मात्र त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

मग पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं एक व्हिडिओ पाठवला. एक बाई माइकवर हळूहळू ब्रश फिरवतेय आणि मधूनमधून कुजबुजतेय, बस. "मामा, हेडफोन लावून ऐका." दोन रात्री मी हसलो. तिसऱ्या रात्री टाळूपासून मानेपर्यंत काहीतरी गोड सरसरत खाली उतरलं. बायकोला म्हटलं, "डोकामा मुंग्या चाली ऱ्हायन्यात." ती म्हणाली, "बाम लायी दिऊ का?"

या प्रकाराला एएसएमआर म्हणतात. ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स हे लांबलचक नाव २०१० मध्ये जेनिफर अ‍ॅलन या अमेरिकन बाईंनी ठेवलं. त्या आधी लोक इंटरनेटवर "मला हे असं काय होतं?" एवढंच विचारत होते. अनुभव मात्र तुमच्या-माझ्या घरातलाच आहे. लहानपणी आजी मांडीवर डोकं घेऊन फणीनं उवा काढायची तेव्हा डोळे मिटायचे. कासार हात दाबून बांगड्या चढवतो तेव्हा मुलगी गप्प होते. न्हावी मानेवर वस्तरा फिरवतो आणि आपण झोपेच्या काठावर जातो. हे सगळं त्याच जातीचं.

गेल्या चार वर्षांत मी स्वतः केलेल्या आणि मिलमधल्या, शेजारपाजारच्या लोकांनी येऊन सांगितलेल्या चुका इथे लिहितो आहे.

कोणत्या मुंग्या, हे न ओळखणं

ही चूक मराठी माणसाचीच आहे, कारण आपल्याकडे "मुंग्या आल्या" म्हणजे हात-पाय बधिर झाले. व्हिडिओतल्या मुंग्या टाळूवर सुरू होतात, मानेवरून पाठीच्या कण्याकडे उतरतात आणि सुखाच्या असतात. घाबरल्यावर येणाऱ्या मुंग्या वेगळ्या. आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांची टोकं, ओठांभोवतीची जागा झिणझिणते. आमच्याकडच्या एका हमाल भाऊनं हे झिणझिणणं म्हणजे "व्हिडिओ लागू पडला" असं समजून आवाज आणखी वाढवला आणि आणखी घाबरला. ओठ-बोटं झिणझिणत असतील तर व्हिडिओ बंद करा आणि आधी श्वास लांबवा. घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे.

तिसऱ्या मुंग्यांना तर व्हिडिओ लावूच नका. शरीराची एकच बाजू अचानक बधिर पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं, तर तो पक्षाघात असू शकतो. गाडी काढायची आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आपल्याला जमत नाही म्हणून स्वतःला दोष देणं

सगळ्यांना ही सरसर येत नाही. येत नाही म्हणजे तुमच्यात काही कमी आहे असं नाही. काहींना तिखट लागत नाही, तसंच हे. शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना हे व्हिडिओ दाखवून हृदयाचे ठोके मोजले. ज्यांना सरसर येते त्यांचे ठोके मिनिटाला सरासरी ३.१४ ने उतरले. पुढे २०२२ मध्ये नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात ६४ जणांवर प्रयोग झाला. त्यात सरसर येणाऱ्यांची चिंता व्हिडिओनंतर कमी झाली, न येणाऱ्यांची होती तिथेच राहिली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. ज्यांना हे जमतं ते लोक मुळातच जास्त काळजीखोर निघाले. म्हणजे माझ्यासारखेच.

तेव्हा चार-पाच वेगवेगळ्या प्रकारचे आवाज आठवडाभर ऐकून पाहा. काहीच झालं नाही तर सोडून द्या. सकाळचं चालणं, भजन, विहिरीवर पोहणं, जे तुमचं असेल ते करा. माझ्या बायकोला हे व्हिडिओ ऐकून फक्त कंटाळा येतो, आणि ती माझ्याआधी झोपते.

दुसऱ्याचा आवाज उसना घेणं

"सगळ्यात जास्त बघितलेला" व्हिडिओ लावायचा आणि तो आपल्यालाही लागू पडेल असं धरून चालायचं, ही इथली सर्रास चूक. या विषयावरच्या २०१५ च्या पहिल्या अभ्यासात ४७५ जणांना विचारलं होतं. कुजबुज ७५ टक्क्यांना भावली, कुणीतरी आपल्याकडेच लक्ष देतंय हा भाव ६९ टक्क्यांना, कुरकुरीत आवाज ६४ टक्क्यांना आणि संथ हालचाली ५३ टक्क्यांना. यातलं काहीही सगळ्यांना चालत नाही, हे आकड्यांवरूनच दिसतं. त्याच संशोधकांनी नंतर असंही पाहिलं की खालच्या पट्टीतले, भरीव आवाज जास्त लागू पडतात आणि मागे वाजणारं संगीत उलट अनेकांची सरसर घालवतं. आपल्याकडचे कित्येक व्हिडिओ मागे बासरी लावून ठेवतात. बासरी गोड असते, पण तिथे नको.

खाण्याचे व्हिडिओ तर जपूनच. मचमच, चटचट, घोट गिळल्याचा आवाज. काहींना त्यातून सुख मिळतं, काहींच्या मस्तकात तिडीक जाते. या दुसऱ्या प्रकाराला २००१ पासून मिसोफोनिया असं नाव आहे. एकाच माणसाला कुजबुज आवडते आणि चावण्याचा आवाज असह्य होतो, असंही असतं. मी तसाच आहे. जेवायला बसलेल्या मेव्हण्याच्या शेजारून मी उठून गेलोय, तेव्हा तो उद्धटपणा नव्हता हे आता त्याला कळो.

आवाज शोधायला फार लांब जाऊ नका. लहानपणी कोणत्या आवाजानं डोळे जड व्हायचे ते आठवा. मला सापडलेले असे: सुपात ज्वारी पाखडताना होणारी सळसळ, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजताना काड्यांची तडतड, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात भरीत ठेचताना येणारा मऊ, ओला ठोका, मांडे करताना हातावर फिरणाऱ्या पोळीची थपथप आणि केळीच्या बागेत वाळलेल्या पानांत शिरलेला वारा. यावल-रावेरकडच्या माणसाला हे शेवटचं विकत घ्यायची गरज नाही.

कूलरशी स्पर्धा

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीस अंशांना टेकतं. खोलीत पत्र्याचा कूलर धडधडत असतो, त्यातून कुजबुज ऐकू यावी म्हणून आपण आवाज शेवटच्या काडीपर्यंत नेतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांच्या आत ठेवा, आणि आवाज जितका वाढवाल तितके हे तास झपाट्यानं कमी होतात. शिवाय कुजबुजीचा अर्थच ती हळू असण्यात आहे. मोठ्यानं केलेली कुजबुज म्हणजे भांडणाची तयारी. कान झाकणारा हेडफोन घ्या म्हणजे बाहेरचा आवाज आपोआप कमी होतो, किंवा सरळ कूलरच ऐका. एकसुरी घरघर हीसुद्धा कित्येकांना पुरते.

आता फोनच्या बारीकसारीक तक्रारी. आवाज डावीकडून उजवीकडे फिरत नसेल तर सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू आहे का ते पाहा. असेल तर बंद करा, नाहीतर सगळा खेळच जातो. एकच इअरबड लावून ऐकलं तरी तेच होतं. डोळा लागता लागता जाहिरात किंचाळते आणि छाती पुन्हा धडधडते, म्हणून व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवा आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. ऑटोप्ले बंद हवा, नाहीतर रात्री दोन वाजता कुणीतरी तुम्हाला शेअर बाजार शिकवत असतं. वायरचे इअरफोन घालून झोपू नका, आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तर मुळीच नको. मोटरसायकलवर, ट्रॅक्टरवर यातलं काहीही ऐकायचं नाही.

ऐन भडक्यात व्हिडिओ शोधत बसणं

घबराटीचा झटका काही मिनिटांतच टोकाला जातो आणि मग ओसरायला लागतो. त्या मिनिटांत आपण थरथरत्या बोटांनी व्हिडिओ शोधतो, नेट गरगर फिरतं, लोडशेडिंगनं वायफाय गेलेलं असतं. झटका आपल्या वेळेनं जातो आणि आपण समजतो की व्हिडिओ बिनकामाचा. त्या वेळी पाय जमिनीवर घट्ट टेकवा, श्वास लांब सोडा, कुणाला तरी हाक मारा. व्हिडिओ त्याच्या आधी किंवा नंतर. मी तो झोपायच्या अर्धा तास आधी लावतो, वह्या मिटल्यावर आणि शेवटचा चहा संध्याकाळी सहाच्या आत संपवल्यावर. चहाचं मी मुद्दाम सांगतोय, कारण रात्री साडेनऊला कटिंग मारून दहाला शांतता शोधणारे मिलमध्ये पुष्कळ आहेत. मीही होतो.

मुंग्यांच्या मागे धावणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. पहिले दोन महिने रोज रात्री सरसर यायची. मग एके दिवशी आली नाही. दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. पावणेबाराला पडलेला मी दीड वाजता सातव्या व्हिडिओवर होतो, जबडा आवळलेला, आणि मनात एकच: आली का? आता आली का? ज्या काळजीसाठी औषध शोधलं होतं तीच काळजी औषधाच्या मागे जाऊन बसली होती.

रोज ऐकणाऱ्या खूप जणांची सरसर काही दिवसांनी बोथट होते. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे उपास. आठ-दहा दिवस एकही व्हिडिओ नाही. पहिल्या दोन रात्री चुकल्यासारखं वाटलं, तिसरीपासून वाटेनासं झालं. परत सुरू केलं तेव्हा सरसर आली, तीही पहिल्यासारखी दणदणीत नाही, पण आली. तेव्हापासून आठवड्यातून तीनच रात्री, एका रात्री एकच व्हिडिओ, वीस मिनिटांचा. मुंग्या आल्या तर आल्या. नाही आल्या तरी वीस मिनिटं मी पडून राहिलो, खांदे सैल सोडले, कापसाच्या भावाचा विचार केला नाही. तेवढंच हवं होतं, हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. विहिरीला पाणी लागलं का म्हणून दर पाच मिनिटांनी वाकून पाहणारा माणूस खणत नाही, फक्त वाकतो.

घरच्यांपासून लपवणं

रात्री अंधारात, हेडफोन लावून, स्क्रीनवर कुजबुजणारी परकी बाई. दार उघडून कुणी आत आलं तर काय वाटेल? मी घाईनं फोन उलटा ठेवला आणि तिथेच फसलो. बायकोचा चेहरा दोन दिवस फुगलेला होता. शेवटी एक इअरबड तिच्या कानात घातला. "ही बाई टॉवेलच्या घड्या करी ऱ्हायनी," असं म्हणून ती पोट धरून हसली. मी वर सांगितलेल्या २०१५ च्या अभ्यासातसुद्धा वासनेसाठी हे ऐकणारे फक्त ५ टक्के होते, बहुतेक जण झोपेसाठी आणि ताण उतरवण्यासाठी ऐकत होते. लपवलं की त्याचंच नवं टेन्शन होतं, आणि मग तेही उतरवायला व्हिडिओ लागतो.

यालाच इलाज समजणं

थायरॉइड वाढला, रक्त कमी झालं तरी छाती धडधडते. म्हणून आधी तपासणी, मग ब्रशचे आवाज. गोळ्या चालू असतील तर "आता व्हिडिओनं झोप येते" म्हणून त्या मनानं बंद करायच्या नाहीत. सहा महिने झाले, बहुतेक दिवस काळजी चालूच आहे, कामात लक्ष नाही, झोप नाही, तर मानसोपचार डॉक्टरांकडे जायची वेळ झाली आहे. गावात बोभाटा होईल ही भीती असेल तर फोन उचला: टेली मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार मनात आला तर व्हिडिओ नाही, हाच नंबर, आणि घरातल्या कुणाला तरी उठवायचं.

आणखी एक. सोसायटीची नोटीस येऊन पडली आहे, तिला उत्तर द्यायचं आहे, आणि आपण दुपारीच कानात कुजबुज घालून पडलो आहोत. या पळण्याला आराम म्हणत नाहीत. मी हे केलंय. नोटीस तशीच राहिली आणि दुसरी आली. आता माझा नियम आहे: उजेडात व्हिडिओ नाही.

स्वतःचा आवाज भरायचा असेल तर

फोनचं साधं रेकॉर्डर पुरतं. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे ओट्याचा कंप येत नाही. सुपापासून हातभर अंतर ठेवा, पंखा आणि कूलर बंद, वेळ पहाटे पाचची. आईला "हळू कर" असं सांगू नका, ती मुद्दाम करायला लागली की आवाज बिघडतो. मी न सांगताच रेकॉर्डर चालू केला आणि नंतर तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, "ज्वारी पाखडानं काय ऐकस रे?" माझ्या त्या फाइलमध्ये बाराव्या मिनिटाला सुरत-भुसावळ मार्गावरच्या मालगाडीचा भोंगा आहे. भाची म्हणाली, तो कापून देते. मी नको म्हटलं. बहुतेक रात्री तो ऐकायला मी जागा नसतो.