रिले टाकला म्हणजे झालं? हॉर्न-हेडलाइटच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

"अण्णा, रिले डुप्लिकेट निघाला, दुसरा द्या." हे वाक्य ऐकलं की मी रिलेकडे बघतच नाही. बाइकवर वायर कुठून ओढलीय ते बघतो.

रिले म्हणजे ताकद वाढवणारी डबी नव्हे. तो नुसता स्विच आहे. हँडलवरचं नाजूक बटण आतल्या कॉइलला, म्हणजे करंट आला की चुंबक होणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, पाव अँपिअरसुद्धा देत नाही, पण तेवढ्यावर कॉइल आतला जाड कॉन्टॅक्ट ओढते आणि बॅटरीचा करंट सरळ हॉर्नकडे जातो. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० बॅटरीकडून येणारा, ८७ हॉर्न किंवा बल्बकडे जाणारा. चार आकडे आहेत, रिलेच्या बुडाशी छापलेलेही असतात. तरी पोरं व्हिडिओतला वायरचा रंग पाठ करून येतात. व्हिडिओतली गाडी वेगळी, तुझी वेगळी, रंग कसे जुळतील?

मला सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती ३० नंबरची. गेल्या उन्हाळ्यात जुळे सोलापुरातला एक पोरगा साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन आला. हेडलाइट उघडली तर काम बघून मलाच बरं वाटलं. दोन रिले शेजारी शेजारी, स्लीव्ह चढवलेल्या, वायरी टायने बांधलेल्या. पण लाइट पिवळी ती पिवळीच. बल्ब ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५), चांगल्या कंपनीचा. दोनदा रिले बदलून झाले होते. मीटर लावला. लाइट चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर १०.७. दीड व्होल्टच्या वर वाटेतच गायब. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो, इथे तर त्याहून जास्त पडलं होतं.

कारण एकच. पठ्ठ्याने ३० ला हेडलाइटच्या वाटीतलीच जुनी वायर जोडली होती. "ती तिथंच होती ना अण्णा, लांबून कशाला आणायची?" म्हणजे पाच अँपिअर परत त्याच चावीच्या स्विचमधून, त्याच बारीक वायरमधून, वायरी जोडणाऱ्या त्याच काळ्या पडलेल्या कपलरमधून येत होते. "काय करायलास बे," म्हटलं, "पाइपलाइन तीच गंजकी, तोटी तेवढी नवी बसवलीस."

बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर फ्यूजमार्गे ३० ला आणली आणि जुन्या वायरीला फक्त कॉइलचं काम ठेवलं. तेवढ्याने ११.४ झाले. मग बल्बचा नेगेटिव्हही बॅटरीपर्यंत नेला, तेव्हा कुठे ११.९. हा नेगेटिव्ह सगळेच विसरतात. चेसिसच्या रंगावर वॉशर दाबून 'अर्थ दिला' म्हणतात. रंगातून करंट जातो होय? त्याच्या तिसऱ्या रिलेच्या पैशात वायर आली असती.

दुसरी चूक फ्यूजची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. दुकान टाकायच्या आधीची गोष्ट. माझ्या गाडीला दोन हॉर्न बसवले, रिले पुढे हँडलजवळ, आणि फ्यूजही तिथेच रिलेला चिकटून. बदलायला सोपा म्हणून. बॅटरी साइड कव्हरखाली. मधली तीन-साडेतीन फूट वायर टाकीखालून, बिनफ्यूजची.

तुळजापूर रोडला रात्री नऊच्या सुमारास सीटखालून जळकट वास आला. टाकीच्या ब्रॅकेटवर घासून घासून वायरचं कातडं गेलं होतं आणि तांबं चेसिसला टेकलं होतं. फ्यूज पुढे आरामात बसलेला, त्याच्यातून काही जातच नव्हतं तर तो उडेल कशाला? साइड कव्हर उघडलं तर वायर तापलेल्या तारेसारखी लाल, प्लॅस्टिक वितळून टपटप खाली. पाना शोधायला वेळ कुठे. डिकीतला टॉवेल हाताला गुंडाळला आणि बॅटरीवरची लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिसडून काढली. टॉवेल सोलापुरी होता म्हणून हात वाचला, एवढाच त्यातला अभिमानाचा भाग. गाडी ढकलत ढाब्यापर्यंत नेली.

तेव्हापासून फ्यूज होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरला वाचवतो, हॉर्नला नाही. म्हणून वायर जिथून निघते तिथेच तो पाहिजे. दोन हॉर्नला मी १५ अँपिअरचा निळा घालतो, ६०/५५ च्या एका बल्बला १० चा लाल. हॉर्नचा आणि लाइटचा फ्यूज वेगळा ठेवतो, कारण एकच ठेवला आणि हॉर्नमुळे उडाला तर रात्री घाटात अंधार. आणि फ्यूज उडतोय म्हणून ३० चा हिरवा घालणारे, किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे, यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांच्या गाड्या नंतर जास्त पैशाचं काम घेऊन येतात.

आता पाच पिनांचा रिले. मधली पिन ८७ए असते, आणि रिले झोपलेला असताना ३० तिलाच जोडलेला असतो. एकाने हॉर्न तिथे जोडला. फ्यूज घातला की दोन्ही हॉर्न बोंबलायला लागले, बटण दाबलं की गप्प. गडी अंगठ्याने बटण दाबून धरून अशोक चौकातून दुकानापर्यंत आला. फ्यूज उपसून काढायचं त्याला सुचलं नाही. चार पिनांचा रिले घ्या, प्रश्नच मिटतो.

हॉर्नच्या जुन्या दोन वायरी पुष्कळांना छळतात. बऱ्याच गाड्यांत हॉर्नला पॉझिटिव्ह चावीबरोबरच येतो आणि बटण नेगेटिव्ह देतं. पोरं बटणाची वायर पॉझिटिव्ह समजून ८६ ला लावतात, ८५ ला बॉडीचा अर्थ देतात आणि मग रिले उचलतच नाही. माझी सवय सोपी आहे. जुन्या हॉर्नवरून काढलेल्या दोन्ही वायरी ८५ आणि ८६ ला लावायच्या, बस. बटण कुठल्याही पद्धतीचं असू दे, चालतं. रिलेत आतून डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) असेल तर तेवढं पॉझिटिव्ह ८६ ला जातंय का बघायचं.

रिले टरटर करतोय? जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसते, इंजिनबरोबर फिरून वीज करणाऱ्या मॅग्नेटच्या एसी करंटवर असते. रेस केली की उजेड वाढतो ती हीच. एसीवर कॉइल धरून बसत नाही, थरथरते आणि कॉन्टॅक्ट जाळते. इंजिन बंद असताना लाइट लागत नाही म्हणजे एसी, असा जुना ठोकताळा होता. पण एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच हेडलाइट आपोआप लागते, त्यामुळे आता मीटर लावूनच बघा. आणि एसीची लाइट बॅटरीवर घ्यायची तर आधी चार्जिंग तेवढं येतं का ते बघा, नाहीतर आठवड्यात किक मारत बसाल.

१००/९० चा बल्ब मागू नका. रस्त्यावर चालवायला तो कायदेशीर नाही, आठ अँपिअरच्या वर ओढतो आणि होल्डर वितळवतो. एकामागून एक वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्नही केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत.

कॉइलला कायमचा पॉझिटिव्ह देऊ नका, तो चावीनंतरचाच पाहिजे. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा, पाणी साचत नाही. हॉर्नचं तोंडही खाली.

टेप. सोलापूरचा मे महिना पारा बेचाळीसच्या वर नेतो, आणि उन्हात उभ्या गाडीवर टेपचा गोंद पाघळून टेप सरकते. वायर दातांनी सोलायची, पीळ द्यायचा, वर टेप, हे काम फारतर एक पावसाळा काढतं. लग दाबा, स्लीव्ह चढवा, लायटरने गरम करून आवळा.

शेवटची माझी एक खोड. सगळं जोडून झालं तरी फ्यूज लगेच घालत नाही. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. सगळं बंद असताना तो लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण काही जळत नाही. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चार-पाच वेळा सावकाश फिरवतो. जुळे सोलापूरच्या त्या पोराच्या गाडीवर डावीकडे वळवताना बल्ब क्षणभर लुकलुकला. "ते काय अण्णा, लूज असेल," तो किल्ली हातात घेऊन उभाच होता. पुन्हा टाकी उतरवली. हँडलच्या मानेपाशी नवी वायर चिमटत होती.