वेबसाइट मोबाइलवर धड दिसेना, तेव्हा काय केलं

आमच्या छोट्या व्यवसायाची वेबसाइट कॉम्प्युटरवर झकास दिसायची, पण मोबाइलवर सगळा आनंदीआनंद. पान उघडायला वेळ, त्यात फोटो आला की मजकूर धपकन खाली सरकायचा. दाबायला जावं एक आणि दाबलं जावं भलतंच.

आधी फोटो हाती घेतले. सगळ्यात वरचा फोटो थेट कॅमेऱ्यातला, ४००० पिक्सेल रुंद! तो १२०० वर आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केला. प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये, म्हणजे पानावर फोटो टाकणाऱ्या कोडमध्ये, विड्थ आणि हाइट (रुंदी आणि उंची) लिहिली. त्यामुळे ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो आणि मजकूर हलत नाही. पहिल्या फोटोला मात्र लेझी लोडिंग (वाचक फोटोजवळ पोहोचला की मगच तो लोड करायची सोय) लावू नका, तो उलट उशिरा येतो. पानावरचा सर्वात मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनर मंडळींना का आवडतात, देव जाणे. उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, मी सरळ गडद रंग घेतला.

फॉर्ममधली अक्षरं १६ पिक्सेलची केली. त्याहून लहान असली की आयफोनवर रकान्यात टॅप करताच पान आपोआप झूम होतं. रकानेही तीनच ठेवले: नाव, फोन, निरोप.

पानावरचा सरकत्या चित्रांचा स्लाइडर काढून तिथे आम्ही काय काम करतो ते एका ओळीत लिहिलं आणि खाली फोनचं बटण दिलं, दाबलं की थेट डायलर उघडतो. भागीदाराला स्लाइडर गेल्याचं अजून वाईट वाटतं.