हॉट रॉडचा वॉटर पंप: खोलायच्या आधी आणि खोलल्यावर

दर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. हजारो जुन्या गाड्या गोगलगाईच्या चालीने पुढे सरकतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बघत बसतात. तीन वर्षांपूर्वी याच गर्दीत, रॉयल ओकच्या अलीकडे, माझ्या गाडीच्या तापमानाची सुई २१० वरून २३५ अंश फॅरनहाइटवर चढली आणि पंख्यामागून हिरव्या पाण्याचा फवारा थेट काचेवर आला. बॉनेट मी लावतच नाही, त्यामुळे सगळा तमाशा उघड्यावर. खुर्चीतल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूप. इंजिन मात्र १९७९ च्या एका शेवरोले पिकअपमधून काढलेलं ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, मागचा ॲक्सल चौथीचा. हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत दुसरंच दमदार इंजिन बसवलेली गाडी, ही अशीच, बारा गावचं पाणी प्यायलेली. आणि वॉटर पंपाच्या, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या बाबतीत निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण या गाडीला साल नसतं. ते पुढे सांगते. आधी बिघाड पंपातच आहे का, ते बघू.

गाडी कधी तापते ते आठवा. सिग्नलला उभी असताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर सुई खाली येत असेल, तर वारा कमी पडतोय. पंखा, पंख्याभोवतीचं कडं, रेडिएटरसमोर लावलेले दिवे किंवा हॉर्न हे बघा. पंपाला हात लावू नका. उलट गावात ठीक आणि हायवेला लागलं की सुई वर, असं असेल तर पाणी फिरत नाहीये किंवा रेडिएटर तुंबलाय. हा साधा फरक न बघता लोक आधी पंप खोलतात. मीही खोललाय, लाजायचं कशाला.

माझ्या त्या दिवशीच्या तापण्यात काही कोडं नव्हतं. पाणी दिसत होतं. पण ते पंपाचं की वरच्या होजचं, हे लगेच कळत नाही. पंखा गळतीचं पाणी चहूकडे उडवतो, म्हणून जिथे ओलं तिथे गळती हा नियम इथे चालत नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर टेस्टर बसवा. सायकलच्या पंपासारखंच यंत्र असतं, वर एक घड्याळ. इथल्या पार्ट्सच्या दुकानांत अनामत ठेवून नेता येतं. तुमच्या झाकणावर जेवढा आकडा लिहिलाय, माझ्याकडे १३ पौंड, तेवढा दाब द्या आणि टॉर्च घेऊन पंपाच्या खाली वाका.

पंपाच्या नळीसारख्या पुढच्या भागाच्या पोटाला शेंगदाण्याएवढंही नाही असं एक छिद्र असतं. त्याला वीप होल म्हणतात. आत पाणी अडवणारं सील आणि शाफ्ट पेलणारं बेअरिंग यांच्या मधोमध ते ठेवलेलं असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता इथून बाहेर पडावं, ही सोय. कंपनीनेच ठेवलेला हा चुगलखोर. तिथे थेंब धरत असेल, किंवा छिद्राखाली सुकलेल्या हिरव्या-पांढऱ्या खपलीचा ओघळ असेल, तर सील गेलं. नव्या पंपाने पहिल्या काही मिनिटांत ओलसरपणा दाखवला तर मी दुर्लक्ष करते. ठिबकत राहिलं तर नाही.

हॉट रॉडवाल्यांची एक खास खोड आहे. इंजिन रंगवताना पंपही रंगवायचा, आणि रंगाच्या तीन हातांत हे छिद्र बुजवून टाकायचं. मग सील गेलं तरी बाहेर थेंब नाही. पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, आणि एक दिवस गिरणीसारखा आवाज. माझ्या गाडीवर आधीच्या मालकाचा नारिंगी रंग होता. छिद्रात तार घातली तर रंगाचं टोपण निघालं आणि मागोमाग गंजाचं पाणी.

आता बेअरिंग. इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची वायर सुटी. पंख्याचं वरचं आणि खालचं पातं धरून मागेपुढे हलवा. पंखा पंपाच्याच शाफ्टवर बसलेला असल्याने बेअरिंगचा खेळ इथे हाताला लागतो. जराही डुगडुगला तर गाडी तिथेच थांबवा, घरापर्यंत चालवत नेऊ नका. शाफ्ट सुटला तर पंखा पुढे जाऊन रेडिएटर फाडतो. चाळीस डॉलरच्या पंपासाठी सातशेचा रेडिएटर घालवलेले लोक मी पाहिलेत. खेळ नसेल तर पट्टा सोडवून पुली हाताने फिरवा. वाळू चावल्यासारखं लागलं की बेअरिंग संपलं. पट्टा नको तेवढा ताणणं आणि पंख्यामागे लांबलचक स्पेसर घालणं, ही बेअरिंग लवकर जायची दोन कारणं नेहमी सापडतात.

गळती नाही, आवाज नाही, खेळ नाही, तरी हायवेला तापते? मग आतलं इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बघायचं. पाती गंजून खुरटी झालेली असतात, किंवा इंपेलर शाफ्टवर सैल होऊन पुली फिरते आणि ते नुसतं सोबत बसलेलं असतं. गार इंजिनावर झाकण काढा, पाणी नळीच्या जरा खाली ठेवा, इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला पाण्याची वाट मोकळी करणारी झडप, उघडायची वाट बघा. माझा १८० अंशांचा आहे. माझ्यासारखा उभा रेडिएटर असेल तर वरच्या टाकीत होजमधून येणारी धार दिसते. कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा, मिनिटाला पंधराशे-दोन हजार फेऱ्यांपर्यंत. धार जोर धरायला हवी. थर्मोस्टॅट उघडूनही पाणी नुसतं डुलत राहिलं तर पंप काम करत नाही. त्याच वेळी खालच्या होजवर डोळा ठेवा. ती पंपाकडे ओढणारी बाजू. आतली स्प्रिंग नसेल आणि रबर म्हातारं झालं असेल, तर वेग वाढताच होज पोटात ओढली जाते, चपटी होते. पंप निर्दोष आणि शिक्षा त्याला.

झाकण गार इंजिनावरच काढायचं, हे मी दोनदा सांगेन. आमच्या कोल्हापूरला आंबा घाटात जीप उकळली की बाबा ओलं पोतं टाकून झाकण फिरवायचे आणि आम्हाला लांब पळायला सांगायचे. तेही चूकच होतं. दाबाच्या दर पौंडामागे उकळबिंदू साधारण अडीच ते तीन अंश फॅरनहाइटने चढतो. १३ पौंडांखाली साधं पाणीही २४५ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब गेला आणि ते सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर. पाऊण तास थांबा. चहा प्या.

आता साल नसण्याची गोष्ट. क्रूझनंतर मी पार्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने विचारलं, साल कोणतं? मी म्हटलं, गाडी १९३१, इंजिन १९७९. त्याच्या कॉम्प्युटरला पहिलं माहीत नव्हतं, म्हणून त्याने दुसऱ्यावरून पंप काढून दिला. घरी येऊन शेजारी ठेवला तर नवा सव्वा इंच लांब. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकचे (माझं ३५० त्याच घराण्यातलं) पंप दोन जातींचे. आखूड पंप साधारण १९६८ पर्यंतच्या गाड्यांवर, लांब पंप १९६९ पासून. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, दोन्ही बसतात. पण मॉडेल एच्या छोट्या नाकात जागा नसते, म्हणून माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने १९७९ च्या इंजिनावर जुना आखूड पंप चढवला होता. लांब पंप लावला असता तर पंखा रेडिएटरमध्ये घुसला असता, आणि पुल्या एका रेषेत आल्या नसत्या ते वेगळंच. तेव्हा दुकानात साल सांगू नका, माप सांगा. ब्लॉकला टेकणाऱ्या पृष्ठापासून पुली बसते त्या चकतीच्या तोंडापर्यंत. आखूड सुमारे ५ ५/८ इंच, लांब जवळजवळ ७.

माप जुळलं तरी दिशा चुकते. आमच्या शनिवारच्या मंडळीतल्या एकाने १९३२ च्या रोडस्टरवर चकचकीत सर्पेंटाइन पट्ट्याचं, म्हणजे सगळ्या पुल्यांवरून वळत जाणाऱ्या एकाच रुंद पट्ट्याचं किट लावलं. पंप तोच ठेवला. तीन आठवडे तो थर्मोस्टॅट बदलत होता, मग पंखा, मग रेडिएटर. शेवटी मी वाकून पट्ट्याची वाट बघितली. पंपाची पुली पट्ट्याच्या सपाट पाठीवर फिरत होती. समोरून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं. पट्ट्याची आतली, खाचांची बाजू ज्या पुलीला लागते ती क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्याच दिशेने जाते, पाठ लागते ती उलटी. जुना व्ही-बेल्टचा पंप उलटा फिरवला की पाणी हलतं, पण पुरेसं ढकललं जात नाही. ऐंशीच्या दशकात सर्पेंटाइन पट्टे आले, त्यांच्यासाठी उलट दिशेचे पंप वेगळे मिळतात. बाहेरून दोघं जुळे भाऊ. स्वस्त पंपात पाती सरळ असतात, त्यामुळे इंपेलर बघूनही खात्री होत नाही. पट्ट्याची वाट बघा आणि खोक्यावरची दिशा वाचा.

बदलायचं काम तसं सोपं. रेडिएटरच्या तळाचा नळ सोडून पाणी परातीत घ्या, लगेच झाका. पाण्यात मिसळलेलं कूलंट चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर उठतं. पट्टा काढायच्या आधीच पंख्याचे चार बोल्ट सैल करा, नाहीतर पुली हातात गरागरा फिरत राहील आणि बोल्ट सुटणार नाही. पंप चार बोल्टांवर असतो, दोन इकडे, दोन तिकडे, ९/१६ चा पाना. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमुळे बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथेच टोचून ठेवा. आखूड जागी लांब बोल्ट गेला की घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पंप व ब्लॉकच्या मधलं पॅकिंग दबतच नाही.

सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनं पॅकिंग खरवडणं. ब्लॉकच्या दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबा, म्हणजे भुगा आत पडणार नाही. मग पत्र्याच्या पट्टीने सावकाश. ॲल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर प्लॅस्टिकचं पातं घ्या. नखाने चाचपून बघा, खपली लागता कामा नये. याला मला अर्धा तास लागला, बाकी सगळं मिळून तेवढाच. नव्या पॅकिंगला सीलंटचा पातळ हात पुरे. श्रीखंड चोपडल्यासारखं लावलं तर जादाचं आत वाहून रेडिएटरच्या नळ्यांत बसतं. बोल्टांच्या आट्यांनाही सीलंट लावा. टॉर्क ३० फूट-पौंड, दोन फेऱ्यांत, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. हीटर नसेल तर पंपावरचं हीटरचं तोंड बूच लावून बंद करायला विसरू नका. मी विसरले होते.

पट्टा चढवायच्या आधी पुली हाताने फिरवा, लोण्यासारखी फिरली पाहिजे. पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, पाणी डिस्टिल्ड. भरताना गाडीचं नाक उंच करा. थर्मोस्टॅटच्या कडेला मी १/८ इंचाचं भोक पाडून घेते, अडकलेली हवा तिथून निघते. हवा राहिली आणि सुईचा सेन्सर हवेत आला, तर आकडा खोटा येतो, म्हणजे इंजिन भाजतंय आणि सुई निवांत. झाकण न लावता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पातळी उतरेल तशी भरा, मग झाकण. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी परत बघा आणि वीप होलखाली एक पांढरा कागद ठेवून रात्र काढा.

आणि मार्कर घ्या. माझ्या फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला पत्रा) आतल्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय: आखूड पंप, ५ ५/८, व्ही-बेल्ट, सरळ दिशा, झाकण १३, थर्मोस्टॅट १८०. मराठीत. पुढचा मालक काय करेल ते त्याचं तो बघून घेईल.